पाणकावळ्यांच्या खडकावरचा ठिपका

फोटोतल्या माणसाची सावली चार मिलिमीटर लांब होती आणि तिला तीन पाय होते.

राग्नाने पोलादी पट्टी उचलली, पदराने पुसावी तशी एप्रनच्या टोकाने पुसली आणि पुन्हा लावली. चारच. माणसापासून बोटभर अंतरावर तिची पांढरी पेटी दिसत होती. झडपांच्या भिंतींची, चार खांबांवर उभी असलेली ती पेटी हवामान खात्याची होती. आत तापमापक टांगलेले असत, आणि गेली अकरा वर्षं दिवसातून तीन वेळा राग्ना तिचं दार उघडून आकडे लिहून घेत असे. पेटीचा माथा जमिनीपासून बरोबर दोन मीटरवर होता. फोटोत तिची सावली साडेचार मिलिमीटर भरली.

"बाई, तेरा वर्षं मी हे फोटो घरोघर विकतोय," विक्रेता म्हणाला. "पट्टी लावून फोटो बघणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा भेटलं."

"मोजल्याशिवाय तिचा विश्वास बसत नाही कशावर," चुलीजवळ बसलेली नीकोलीनेमावशी म्हणाली. तिने कॉफी बशीत ओतली, साखरेचा खडा दातांत धरला. "नवरासुद्धा मोजून घेतलाय तिने. म्हणून तर गावातला एकुलता एक सरळ खांब तिच्या वाट्याला आला. बाकी आम्ही वाकड्यांशी संसार केले."

विक्रेता हसला. त्याचं नाव लुंडे. दक्षिणेकडचा, गोरागुबरा माणूस. आज सकाळच्या बोटीने आला होता आणि उद्या परतीच्या बोटीने जाणार होता. तोवर मुक्काम नीकोलीनेमावशीकडे. म्हणूनच मावशी त्याच्याबरोबर घरोघर कॉफी पीत हिंडत होती. खरं तर तो गेल्या मार्चातच यायचा, पण त्या वेळी समुद्र इतका उसळला होता की बोटीवरून होडीत उतरणं कोणाला जमलं नाही. विमानातून फोटो काढल्याला आता वीस महिने होत आले होते.

"आता रंगांचं सांगा," लुंडेने छापील कागद पुढे ओढला. "घर पिवळं, छप्पर काळं, बरोबर? आमच्या मुली हाताने रंग भरतात. गवत हिरवंगार करतात. शेणाचा ढीग, संडास, असलं काही नको असेल तर फुकटात पुसून देतो."

"संडास राहू दे रे बाबा," मावशी म्हणाली. "नाहीतर लोकांना वाटेल, इथले लोक जातात कुठे."

"हा माणूस मात्र ठेवा, बाई. एवढ्या गावात एकच माणूस बाहेर आहे. वैमानिक सांगत होता, धुरांड्यांतून धूर नाही, वाळत घातलेलं कापड नाही, त्याला वाटलं गाव सोडून गेलेत लोक."

"रविवार होता," राग्ना म्हणाली.

फोटोच्या पाठीवर शिक्का होता: १० जुलै १९६६. पण शिक्का नसता तरी तिने दिवस ओळखला असता. त्या रविवारी अकरा वाजता सगळी नऊ घरं प्रार्थनाघरात बसलेली होती. इथे रविवारी चूल पेटत नाही, जाळं ओढलं जात नाही, आणि प्रार्थना चालू असताना कोणी समुद्राकडे तोंड करत नाही. प्रार्थनाघराच्या त्या बाजूला खिडकीच ठेवलेली नाही. मध्येच विमानाची घरघर सुरू झाली. डोक्यावरून ते दोनदा गेलं. पोरांच्या माना वर झाल्या, आयांनी त्या खाली दाबल्या, आणि उलुफने आपला आवाज चढवला. उलुफ म्हणजे राग्नाच्या नवऱ्याचा थोरला भाऊ आणि मंडळीचा, म्हणजे प्रार्थनाघरात जमणाऱ्या भक्तांचा, प्रमुख. एकही माणूस विमान बघायला उठला नाही, याचं पुढे गावात कौतुक झालं होतं.

एक माणूस उठला होता. विमान यायच्या जरा आधी. राग्ना बायकांच्या बाजूला बसली होती, तरी तिला ते पाठीमागून ऐकू आलं होतं: फळ्यांवर कुबडीची टकटक, दारापर्यंत. आणि घरघर विरायच्या आत परत, दारापासून बाकापर्यंत. त्या वर्षी फेब्रुवारीत बर्फावर तिच्या नवऱ्याचा, इंगवाल्डचा, पाय मोडला होता. फार वेळ बसलं की ठणकायचा.

पेटीचं दार बरोबर उत्तरेला असतं. तसा नियमच आहे, आत ऊन शिरू नये म्हणून. सावली त्या दारापासून वीस अंश पूर्वेकडे कलली होती. फोटो तिरका काढलेला, तेवढा फरक तिने कुंपणाच्या रेषेवरून वजा केला. म्हणजे बारा वाजून वीस मिनिटं. पाच मिनिटं इकडे किंवा तिकडे.

सावली उत्तरेकडे होती आणि माणूस पश्चिमेकडे बघत होता. समुद्राकडे.

"तुमच्याकडे भिंग आहे का?" तिने विचारलं.

लुंडेने कोटाच्या खिशातून काढून दिलं. राग्नाने ते माणसावरून उचललं आणि त्याची नजर जिकडे होती तिकडे सरकवत नेलं. अंगण. मासे वाळवायच्या रिकाम्या काठ्यांच्या रांगा. किनारा. मग पाणी, आणि फोटोच्या अगदी कडेला पाणकावळ्यांचा खडक, जो ओहोटीला वर येतो आणि भरतीला बुडतो. खडकावर एक ठिपका होता.

"ती धूळ हो, काचेवरची," लुंडे म्हणाला. "ती काढूनच टाकतो आम्ही."

धूळ नव्हती. एका कुशीवर कललेली होडी होती. तिच्याजवळ उभा माणूस, आणि त्याने वल्ह्याच्या टोकाला काहीतरी फिकट बांधून वर धरलं होतं. तिच्या भावाचा पिवळा रेनकोट काळ्यापांढऱ्या फोटोत तसाच दिसला असता.

राग्नाने भिंग टेबलावर ठेवलं. मग तिने वर पाहिलं. नीकोलीनेमावशीने अर्धी कॉफी बशीतच सोडली होती. आयुष्यात तिने कॉफी टाकलेली राग्नाने पाहिली नव्हती.

"चल रे," मावशी लुंडेला म्हणाली. "अजून पाच घरं राहिलीत."

"फोटो उद्यापर्यंत माझ्याकडे ठेवते," राग्ना म्हणाली.

"ठेवा की, नमुनाच आहे तो. रंग ठरवा निवांत."

दोघं गेली. मावशीने जाताना मागे पाहिलं नाही.

हिल्मार हा राग्नाचा धाकटा भाऊ. बापाने हे घर बहिणीच्या नावावर केलं आणि होडी भावाच्या. त्याने मंडळी सोडली, अकॉर्डियन घेतलं, आणि रविवारी मासेमारीला जायला लागला. तेही प्रार्थनाघरावरून, इंजिन फुटफुटवत, मुद्दाम. त्या रविवारी गेला तो आला नाही. धुकं दोन दिवस बसून होतं. तीन आठवड्यांनी उपडी होडी बारा मैलांवर मिळाली, इंजिनाचा पंखा तुटलेली. हिल्मार मिळाला नाही.

त्याच सप्टेंबरात सरकारी कागद आला. गाव सोडून मोठ्या गावाला जाणाऱ्यांना सरकार घर बांधायला मदत देणार होतं, पण नऊच्या नऊ घरांची सही असेल तरच. मागे राहिलेल्या एकाच घरासाठी बोट पाठवणं, शिक्षक ठेवणं त्यांना परवडत नव्हतं. आठवडाभरात आठ सह्या झाल्या. नववी राग्नाची. घर तिच्या नावावर होतं.

"हिल्मार सापडल्याशिवाय मी जाणार नाही," ती म्हणाली होती.

आणि इंगवाल्ड सगळ्यांसमोर म्हणाला होता, "बरोबर आहे तिचं. त्याला इथे टाकून कसं जायचं?"

कोणी तिला एका शब्दाने टोचलं नाही. शाळा आता वर्षात चौदाच आठवडे चालायची, आयांच्या मांडीवरची पोरं वाचायला शिकल्याशिवाय मोठी होत होती, तरी कोणी म्हटलं नाही की बाई, तुझ्या एका सहीपायी आम्ही अडकलोय. उलट दर शरद ऋतूत तिच्या दाराशी बटाट्यांचं पोतं यायचं. जळणासाठी पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, कापून रचून मिळायचा. माणसं चांगली आहेत, असं तिला वाटायचं. वीस महिने तिने त्या चांगुलपणावर दिवस काढले होते.

तिने फोटो पाकिटात घातला आणि ती किनाऱ्याकडे उतरली.

इंगवाल्ड मासे टांगत होता. शेपटीला शेपटी बांधलेल्या कॉडच्या जोड्या तो खालून उचलून काठीवर चढवत होता, एक मासा या बाजूला, एक त्या बाजूला. पाय आता बरा होता. थंडीत जरासा ओढायचा, इतकंच.

"घेतलास का फोटो?" त्याने विचारलं. "घे. घर काही बरोबर नेता येत नाही माणसाला, फोटो तरी नेता येतो."

"तू आहेस त्यात."

"मी?" तो हसला. "गोठ्यापाशी का? मी कुठेही असलो तरी गोठ्यापाशीच दिसणार."

"अंगणात. कुबडी घेऊन."

त्याने हातातली जोडी काठीवर चढवली. मग खाली वाकून दुसरी घेतली. तिची गाठ सैल होती. ती त्याने सोडली आणि पुन्हा बांधली, नीट, दोन वेढे देऊन.

"आणि तोही आहे," राग्ना म्हणाली. "खडकावर. रेनकोट वल्ह्याला बांधून."

इंगवाल्डने विचारलं नाही की तो कोण.

"ओहोटी होती," तो म्हणाला. "खडक बुडायला तीन तास तरी होते. तू भरती-ओहोटीचा तक्ता काढून बघ."

"पाहिला. दोन तास चाळीस मिनिटं."

"मला वाटलं, बसू दे. सकाळीच आमच्या डोक्यावरून इंजिन बडवत गेला होता, आठवतं? उलुफला वाक्य अर्धं सोडावं लागलं होतं. म्हटलं, तासभर वाऱ्यात बसला तर अक्कल येईल. एक वाजता प्रार्थना सुटली की चौघं जाऊन आणू. पंधरा मिनिटांचं वल्हवणं." तो थांबला. "मी एकटा गेलो नसतो राग्ना. या पायाने कसा जाणार होतो?"

"पाय मोडला होता. तोंड नव्हतं मोडलं."

त्याने आणखी एक जोडी काठीवर चढवली.

"पावणेएकला धुकं आलं," ती म्हणाली.

"हो."

"एक वाजता मी पेटी उघडली. दृश्यता दोनशे मीटरच्या आत, असं लिहिलं. तू माझ्या मागेच उभा होतास. मी म्हटलं, हिल्मार कुठे अडकला नाही म्हणजे मिळवलं. म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतंस."

"तेव्हा तरी सांगायचंस. कोणत्या खडकावर ते माहीत असतं तर होकायंत्रावर गेले असते लोक. धुक्यात गेले असते. यांच्यातले निम्मे तर डोळे मिटून त्या खडकावर जातील."

इंगवाल्डने हात पॅन्टला पुसले. "तेव्हा सांगायचं म्हणजे आधी का नाही सांगितलं, तेही सांगावं लागलं असतं."

एवढंच होतं ते. राग्नाला वाटलं होतं, याच्यामागे काहीतरी मोठं असेल, जुनं वैर, द्वेष. तर ही एवढीशी लाज, आणि ती झाकायला एक माणूस.

"मी सांगितलंय," तो पुढे घाईने म्हणाला. "लपवलेलं नाही. त्याच ऑगस्टात, मंडळीतल्या बंधूंच्या बैठकीत. गुडघ्यावर बसून सांगितलं. उलुफने डोक्यावर हात ठेवला. क्षमा झाली मला, राग्ना. ते बुडालं."

या गावात तसंच म्हणतात. ज्या पापाची क्षमा झाली ते समुद्रात बुडालं; ते पुन्हा वर काढणाऱ्याच्या माथी ते बसतं. म्हणून क्षमा झालेल्या गोष्टीबद्दल इथे कोणी चकार शब्द काढत नाही. नवरा बायकोला एकदा सांगतो, ती मान डोलावते, झालं.

"बैठकीत कोण होतं?"

"सगळेच."

"आठही घरचे?"

"हो."

"आणि त्यांच्या बायका?"

वर काठ्यांवर समुद्रपक्षी बसले होते. त्याने सवयीने हात हलवून त्यांना उडवलं.

"मला कोणी का नाही विचारलं?" राग्ना म्हणाली. "भाऊ माझा होता."

"पाप देवाकडे होतं," इंगवाल्ड म्हणाला, आणि लहान मुलाला समजवावं तसं हळू म्हणाला, "तुझ्याकडे नव्हतं."

तिला बटाट्यांची पोती आठवली. दोन शरद ऋतू, दोन पोती. पहिल्या वर्षी उलुफच्या बायकोने स्वतः पाठीवर वाहून आणलं होतं आणि दारात उभी राहून रडली होती. राग्नानेच तिची समजूत काढली होती.

ती वळली. इंगवाल्ड हाक मारत लंगडत तिच्या मागे निघाला, पण किनाऱ्याच्या गोट्यांवरून तिच्याइतकं भरभर त्याला चालता येईना.

उलुफच्या स्वयंपाकघरात माणसं जमली होती. फोटोवाला आला म्हटल्यावर सगळ्यांनाच निमित्त झालं होतं. टेबलावर फोटो पसरलेले होते आणि कोणाचं छप्पर कोणाच्या छपरापेक्षा वाकडं दिसतं यावर वाद चालला होता. लुंडे भिंतीला टेकून उकडलेला मासा आणि कलेजी खात होता. कोपऱ्यात नीकोलीनेमावशी होती. तिच्यासमोर कप नव्हता.

राग्ना आत आली तशी ती सगळी बोलणी थांबली. तेव्हा तिला कळलं की मावशी आधीच बोलली आहे.

"ये, राग्ना," उलुफ म्हणाला. सत्तरीचा, रुंद हाडांचा माणूस. "बस. कॉफी घे."

तिने आपला फोटो बाकीच्या फोटोंवर ठेवला. "यात काय बघायचं ते तुम्हाला माहीत आहे, भाऊजी. भिंग लागणार नाही."

उलुफने फोटोकडे पाहिलंच नाही. "ते वर काढू नकोस, बाळ. वर काढणाऱ्याचं होतं ते."

"होऊ दे. भाऊही माझाच होता."

"त्याने खूप सोसलंय त्यापायी. तू रोज बघतेस, तरी तुला दिसलं नाही. रात्र रात्र झोपत नाही तो. तुला एकटीला सोडून गाव हलू नये म्हणून तोच आम्हाला सांगत होता, थांबा, घाई करू नका."

"तो म्हणाला, हिल्मारला इथे टाकून कसं जायचं. तुमच्यासमोर म्हणाला. तुम्ही सगळे इथे, याच खोलीत होता." तिने एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. "तुमच्यातल्या कोणाला हसू कसं आलं नाही?"

मागे दार उघडलं आणि इंगवाल्ड आत आला. धापा टाकत तो उंबऱ्यातच उभा राहिला.

"मी तुला सांगणार होते गं," नीकोलीनेमावशी म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता तिचा. "देवाशपथ सांगणार होते."

"कधी, मावशी?"

मावशीने उलुफकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. "तू कागदावर सही केलीस की मग. आधी कळलं असतं तर तू कधीच केली नसतीस."

लुंडेने काटा बशीत ठेवला. तो आवाजसुद्धा मोठा वाटला.

उलुफ उठून उभा राहिला. तो उठला तसे एकामागून एक सगळे उठले. काय चाललंय हे न कळून लुंडेही उठला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली. राग्नाला हे लहानपणापासून ठाऊक होतं. मोठ्याने क्षमा मागायची, मग समोरच्याने म्हणायचं, केली. दुसरं उत्तर नसतं. दुसरं उत्तर दिलेलं इथे कोणी ऐकलेलं नव्हतं. आपल्या आईचं घर जाळणाऱ्या माणसालाही तिच्या आजोबांनी ते एक उत्तर दिलं होतं आणि मग दोघं एकाच होडीत बसून गेले होते.

"आम्ही सगळ्यांनी तुझ्यापासून लपवलं," उलुफ म्हणाला. "इंगवाल्डचं जे आहे ते आणि आमचं जे आहे ते, दोन्हीसाठी मागतो. राग्ना, आम्हाला क्षमा कर."

सगळे वाट बघत राहिले. इंगवाल्ड तिच्या पाठीमागे होता. तिला त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि त्या श्वासात आशा होती, हे तिला सगळ्यात जास्त लागलं. तो एक शब्द इतका जवळ होता. जीभ आपणहून त्या जागी गेली होती.

तिने टेबलाच्या खणाकडे बोट केलं. "कागद काढा, भाऊजी."

उलुफचा चेहरा सैल पडला. कोणीतरी सुस्कारा सोडला. खण उघडला, कागद आला, आठ सह्या आणि त्यांच्याखाली एक रिकामी ओळ. उलुफच्या बायकोने डोळे पुसत पेन पुढे केलं.

राग्नाने ते हातात घेतलं, पण टोपण काढलं नाही.

"लुंडे," ती म्हणाली, "मला तो फोटो मोठा करून हवा. रंग भरू नका. काही पुसू नका, धूळसुद्धा नाही. पत्ता माझा एकटीचा लिहा, वाड्सोचा, बोट जाते त्या गावचा. घर मिळालं की कळवीन." मग ती वळली, म्हणजे सगळे तिला दिसतील आणि दारातला माणूसही. "सही मी करते, पोरांना शाळा मिळू दे. उद्याच्या बोटीने मी जाते. इंगवाल्ड जिथे घर बांधेल तिथे मी येणार नाही. आणि जे तुम्ही मागितलंत ते मी केलेलं नाही, भाऊजी. करणारही नाही."